बसवलंत, आता काढाही

सॉफ्टवेअर बसवायला फार काही लागत नाही. 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', 'आय ॲग्री', 'फिनिश'. शाळेतलं पोरही करतं. तेच सॉफ्टवेअर काढायची वेळ आली की कार्यालयातला सगळ्यांत जाणता माणूसही हात टेकतो. कंट्रोल पॅनलमध्ये नाव दिसतं, क्लिक केलं की हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते, थांबते आणि एक चार आकडी क्रमांक तोंडावर फेकून खिडकी बंद होते. मग कोणीतरी सांगतं, अहो, कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल असतं, ते चालवा. ते आणावं, तर तेही उघडत नाही.

माझा पहिला आक्षेप या टूलच्या असण्यालाच आहे. मॅकॅफीचं 'एमसीपीआर', कॅस्परस्कीचं 'केएव्हीरिमूव्हर', अव्हास्टचं 'अव्हास्ट क्लिअर'. नॉर्टनचं आहे, ईसेटचंही आहे. अँटिव्हायरसच्या धंद्यातल्या बहुतेक बड्या कंपन्यांनी स्वतःचाच माल काढायला दुसरा माल तयार ठेवला आहे. पहिल्या मालाबरोबर दिलेलं 'अनइन्स्टॉल'चं बटण भरवशाचं नाही, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

कंपन्यांची बाजू खोटी नाही, म्हणून तीही मांडतो. अँटिव्हायरस हा साधा प्रोग्रॅम नसतो. तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आपले ड्रायव्हर बसवतो. फाइल उघडताना, नेटवर्कवरून काही येताना-जाताना मध्ये उभा राहतो. एखाद्या व्हायरसने त्यालाच आधी उडवू नये म्हणून स्वतःच्या फाइल, स्वतःच्या सर्व्हिस आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी कोणाला हलवू देत नाही. असा माल काढणं वर्ड काढण्याइतकं सोपं असणार नाही, हे कबूल. पण ही गुंतागुंत ज्याने घातली, सोडवायचीही त्यानेच. गणपतीत रस्त्यावर मांडव घालणाऱ्या मंडळाला उत्सवानंतर खांबांचे खड्डे बुजवावे लागतात, नाही बुजवले तर महापालिका दंड करते. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मांडववाला पैसे घेऊन पुढच्या गल्लीत जातो आणि खड्डे ज्याचे त्याने बुजवायचे.

आणि हे खड्डे सर्वांत जास्त कोणाच्या दारात? जुन्या संगणकांच्या. पतसंस्था, शाळेचं कार्यालय, गृहनिर्माण सोसायटी, छापखाना, वकिलांच्या चेंबरमधला कोपरा. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तारखा तिकडे ठरल्या, इकडे कामं चालूच आहेत. पासबुक छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच संगणकाला जोडलेला आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं त्याने पुढची आवृत्ती काढलीच नाही. मराठी जुळणीच्या सॉफ्टवेअरचं डाँगल नव्या मशीनवर ओळखलं जात नाही. जुनं यंत्र वापरणं हा आळस नव्हे. बहुतेक ठिकाणी तो पैशांचा आणि नाइलाजाचा हिशेब असतो. 'नवीन घ्या की' म्हणणाऱ्याने आधी त्या संस्थेचा ताळेबंद बघावा.

अशा संगणकावर मुदत संपलेला अँटिव्हायरस बसलेला असतो. राखण व्हायरसच्या जुन्या व्याख्यांवर चाललेली, पण प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येणं काही सुटत नाही. दोन जीबी रॅमचं मशीन सकाळी चालू केलं की चहा पिऊन येईपर्यंत तयार होत नाही. नवा अँटिव्हायरस बसवायला जावं तर तो म्हणतो, आधीचा काढा, मग मला बोलवा. त्याचं बरोबरच आहे, एकाच दारावर दोन पहारेकरी असले की एकमेकांनाच धरतात. आणि आधीचा निघत नाही. घोडं नेमकं इथे पेंड खातं.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत हेच चाललं होतं. मॅनेजर मॅडमनी दुसऱ्या संगणकावरून रिमूव्हल टूल पेन ड्राइव्हवर आणलं होतं. डबल क्लिक केलं की घड्याळाचं चक्र क्षणभर फिरायचं आणि काहीच व्हायचं नाही. ना खिडकी, ना चूक, ना क्रमांक. "दादा, यातच तर व्हायरस नसेल ना?" त्या विचारत होत्या. फाइल ठीक होती. आकार कंपनीने सांगितला तेवढा, प्रॉपर्टीजमध्ये सहीचा रकानाही होता. गोम होती पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली. तारीख होती १ जानेवारी २००९. कॅशियर काका म्हणाले, "रोज सकाळी मीच बदलतो, पावतीवर चुकीची पडते ना. आज राहिली." मदरबोर्डवरचा बटन सेल, सीआर २०३२, कधीच मेलेला. रात्री मेन स्विच बंद केला की संगणक तारीख विसरायचा. काका ती रोज हाताने घालायचे, आणि हे असंच असतं असं सगळ्यांनी धरून टाकलेलं.

आता तारखेचा आणि टूलचा संबंध काय? बरीच रिमूव्हल टूल्स सुरू होताना स्वतःवरची डिजिटल सही तपासतात, काही कंपनीच्या सर्व्हरवरून ताजा भाग मागवतात. सही आणि सर्व्हर, दोन्हींच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. संगणक २००९ मध्ये असेल तर अलीकडचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. तो ते खोटं ठरवतो, आणि टूल बंद पडतं. एवढीच गोष्ट. पण टूलने ती सांगायची की नाही? 'तुमच्या संगणकाची तारीख तपासा' हे एक वाक्य दाखवायला कोणत्या संशोधनाची गरज आहे? ज्या कंपनीच्या मालात जाहिरातीच्या खिडक्या आपणहून उघडतात, तिच्याच टूलला ग्राहकाला एक ओळ सांगता येत नाही, याला मी निष्काळजीपणा म्हणतो.

तारीख नीट झाली की दुसरी भिंत येते. नवी टूल्स एसएचए-२ पद्धतीच्या सहीची असतात. जुन्या विंडोज ७ ला ही सही पूर्णपणे वाचता यावी म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये वेगळं अपडेट दिलं, क्रमांक केबी ४४७४४१९. ज्या कार्यालयात 'अपडेट आलं की मशीन स्लो होतं' म्हणून अपडेट कायमचं बंद केलेलं असतं, तिथे हे पोचलेलंच नसतं. मग ६४ बिटच्या विंडोज ७ वर टूलचा मदतनीस ड्रायव्हर चढायलाच नकार देतो. कधी टूल 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' अशा लांबलचक नावाची डीएलएल मागतं. तेही मायक्रोसॉफ्टचंच एक अपडेट नसल्यामुळे, केबी २९९९२२६. असल्या वेळी ती डीएलएल कुठल्या तरी भलत्या साइटवरून उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. कृपा करा, ते करू नका. अपडेट घ्या. आणि एक्सपीवर 'नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन' असं आलं, तर फाइल खराब असेलच असं नाही. बहुतेकदा ते टूल एक्सपीसाठी बनवलेलंच नसतं. तुमच्या विंडोजच्या काळातली त्याची जुनी आवृत्ती शोधावी लागते, आणि ती कंपनीने ठेवलेली असेलच याची खात्री नाही. ज्या वर्षी माल विकला, त्या वर्षीच्या मशीनवर चालणारं काढण्याचं टूल कायम उपलब्ध ठेवणं ही मेहरबानी नव्हे. विक्रीतच ते आलं.

अँटिव्हायरस बाजूला ठेवू. कार्यालयातली बाकीची सॉफ्टवेअर्स का निघत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा एका लपवलेल्या फोल्डरात असतं. सी ड्राइव्ह, विंडोज, त्याच्या आत 'इन्स्टॉलर'. ऑफिस २००० बरोबर मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर नावाची व्यवस्था आणली. तेव्हापासून त्या पद्धतीने जे जे बसतं, त्याच्या सेटअपची एक प्रत या फोल्डरात राहते. नाव आकड्या-अक्षरांचं, काही बोध न होणारं. दुरुस्ती असो, बदल असो, काढणं असो, विंडोज आधी ही प्रत शोधतं. आणि हेच फोल्डर फुगून काही जीबींचं होतं. छोट्या हार्ड डिस्कवर जागा संपली की कोणीतरी हुशार माणूस येतो, 'कसल्या तरी टेंपररी फाइल आहेत' म्हणतो आणि सगळं उडवतो. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणून शाबासकीही मिळते. वर्षभराने तेच सॉफ्टवेअर काढायला गेलं की १६१२ येतं: मूळ स्रोत सापडत नाही. किंवा खिडकी विचारते, ती सीडी घाला. कुठली सीडी? ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली.

हे फोल्डर अजून शाबूत असेल तर मात्र एक काम जरूर करून बघा. ते उघडा, 'डिटेल्स' दृश्य घ्या, वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'सब्जेक्ट' हा रकाना चालू करा. आतापर्यंत अगम्य वाटणाऱ्या त्या प्रत्येक फाइलसमोर सॉफ्टवेअरचं खरं नाव उमटतं. हवी ती फाइल सापडली की तिच्यावर उजवं क्लिक करून 'अनइन्स्टॉल' म्हणता येतं. कंट्रोल पॅनलमधली नोंद बिघडलेली असली तरी ही वाट बऱ्याचदा मोकळी असते. आणि १६०३ हा कुप्रसिद्ध क्रमांक आला तर त्याच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही. त्याचा अर्थ फक्त 'काहीतरी गंभीर बिघडलं' एवढाच आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून विंडोज इन्स्टॉलरला नोंदवही लिहायला लावा, म्हणजे लॉग. मग त्या फाइलमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. खरं कारण त्याच्या वरच्या चार-दहा ओळींत लिहिलेलं असतं: अमुक फोल्डरला हात लावायची परवानगी नाही, अमुक सर्व्हिस थांबत नाही, अमुक फाइल सापडत नाही. त्या चार ओळी वाचायला पाच मिनिटं लागतात. त्या न वाचता तेच टूल पुन्हा पुन्हा चालवण्यात आपल्याकडे अख्ख्या दुपारी जातात.

मायक्रोसॉफ्टने स्वतः एक अशी साफसफाईची वस्तू दिली होती, 'विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी'. न निघणाऱ्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉलरकडची नोंद ती पुसून टाकायची. लोक खूश होते. पण ती नोंद पुसायची, सॉफ्टवेअर नाही. फाइली तिथेच, सर्व्हिस तिथेच, आणि कधी कधी शेजारच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही धक्का लागायचा. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ती मागे घेतली आणि पुढे वेगळा ट्रबलशूटर दिला. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या पेन ड्राइव्हवर ती जुनी वस्तू आजही फिरते आहे. रजिस्ट्री क्लीनर नावाच्या जमातीबद्दल तर बोलायलाच नको. 'तुमच्या संगणकात हजारो चुका सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा' हा त्यांचा धंदा. मायक्रोसॉफ्टने अशा रजिस्ट्री क्लीनरना आपला पाठिंबा नाही, असं स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. न निघणारं एक सॉफ्टवेअर काढायला कोणी रजिस्ट्री क्लीनर चालवायला सांगत असेल, तर त्या माणसाला त्या संगणकाला हात लावू देऊ नका.

सेफ मोडचा सल्लाही असाच डोळे झाकून दिला जातो. 'सेफ मोडमध्ये जा आणि काढ.' अँटिव्हायरसच्या स्वतःच्या टूलसाठी हा सल्ला अनेकदा बरोबर आहे. सेफ मोडमध्ये त्याचे पहारेकरी जागे नसतात, म्हणून टूलला हात घालता येतो. पण कंट्रोल पॅनलमधून काढायला गेलात, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज इन्स्टॉलरच्या पद्धतीचं असेल, तर सेफ मोडमध्ये ती सर्व्हिसच मुळात सुरू होत नाही. मग सर्व्हिसपर्यंत पोचता येत नाही अशी तक्रार येते, आणि माणूस समजतो की आता विंडोजच गेलं. काही गेलेलं नसतं. पुन्हा साध्या मोडमध्ये या. कुठलं टूल कुठे चालवायचं, एवढं एक वाक्य कंपनीने पानाच्या वरच लिहावं. ते तळाशी, 'सर्वसाधारण प्रश्न' या सदरात शोधायला लावू नये.

या सगळ्यापेक्षा जास्त चीड मला पासवर्डच्या प्रकरणाची येते. कार्यालयांना विकतात त्या अँटिव्हायरसमध्ये काढण्यासाठी पासवर्ड ठेवायची सोय असते. कल्पना चांगली आहे, कर्मचाऱ्याने मनाने काढून टाकू नये. पण तो पासवर्ड कोणाकडे असतो? ज्या विक्रेत्याने बसवला त्याच्या तेव्हाच्या पोऱ्याकडे. पोऱ्या नोकरी सोडून पुण्याला गेला. ज्या सर्व्हरवरून हे सगळे क्लायंट चालायचे तो सर्व्हर भंगारात गेला. विक्रेता म्हणतो, 'आता आम्ही त्या कंपनीचं काम करत नाही.' कंपनी म्हणते, 'परवाना चालू असेल तर तिकीट नोंदवा.' परवाना संपला म्हणून तर काढायचा आहे! ज्या वस्तूचे पैसे संस्थेने मोजले, ती स्वतःच्या संगणकातून बाहेर काढायला संस्थेला परवानगी मागावी लागते, आणि ती द्यायला कोणीही जागेवर नसतं. परवाना संपला की काढण्यावरचं कुलूप आपोआप सुटलं पाहिजे. ते सुटत नसेल तर तो करार एकतर्फी आहे.

काढणं ही निर्मात्याची जबाबदारी आहे, हे मी एकटाच म्हणत नाही. अमेरिकेत हे सरकारी पातळीवर ठरलेलं आहे, आणि ते प्रकरण आपल्या प्रत्येक कार्यालयाशी जोडलेलं आहे. जावा. ई-निविदा, डिजिटल सही, यासाठी जावा बसवलं नाही असं सरकारी कामाशी संबंध असलेलं कार्यालय शोधून सापडायचं नाही. त्यातही अमुकच आवृत्ती हवी, नवी चालणार नाही, म्हणून लोक जुनी ठेवायचे. नवं अपडेट यायचं, 'आता तुम्ही सुरक्षित आहात' अशा थाटात बसायचं, आणि जुनी आवृत्ती तशीच मागे राहायची. अपडेट फक्त लगतची आधीची आवृत्ती काढायचं. 'जावा ६ अपडेट १०'च्या आधीच्या आवृत्त्यांना तर ते हातच लावत नव्हतं. एकेका संगणकावर जावाच्या चार-चार पिढ्या नांदायच्या, आणि हल्लेखोरांना त्यांतली सगळ्यांत म्हातारी पुरेशी असायची.

२०१० मध्ये जावा ओरॅकलकडे आलं. तेव्हा हे ओरॅकलला माहीत होतं, पण ग्राहकाला नीट सांगितलं नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. कमिशनच्या कागदपत्रांनुसार जावा तेव्हा ८५ कोटींहून जास्त संगणकांवर होतं. डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली. जुन्या आवृत्त्या शिल्लक असतील तर अपडेटच्या वेळी ग्राहकाला सांगायचं, धोका समजावायचा आणि काढण्याची सोय द्यायची, असं ओरॅकलवर बंधन आलं. बसवताना दिलेलं सुरक्षिततेचं आश्वासन मागे उरलेल्या जुन्या मालालाही लागू होतं, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडच्या ग्राहक संरक्षणाच्या चर्चेत हा मुद्दा कुठेच दिसत नाही. दिसायला हवा.

काढण्याचं टूलच घातक निघाल्याचीही उदाहरणं आहेत. २००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या सीडीत कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर दडवलं. सीडी विंडोजवर लावून त्यातला कार्यक्रम चालवला की ते आपणहून लपून बसायचं. मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने ते ३१ ऑक्टोबर २००५ ला उघड केलं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने वेबवरून चालणारा अनइन्स्टॉलर दिला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एड फेल्टन आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी तो तपासला, तर हा अनइन्स्टॉलर संगणकावर असा एक घटक ठेवून जायचा की कुठलंही वेबपान त्याच्या आडून संगणकावर हवं ते चालवू शकेल. आगीतून फुफाट्यात. दहा वर्षांनी लेनोव्होच्या लॅपटॉपवरचं सुपरफिश. प्रोग्रॅम काढला तरी त्याने घातलेलं मूळ प्रमाणपत्र मागे उरायचं, आणि खरा धोका त्या प्रमाणपत्रातच होता. ते काढायला लेनोव्होला वेगळं टूल द्यावं लागलं. तेव्हा 'अनइन्स्टॉल सक्सेसफुल' या दोन शब्दांवर विसंबू नका. काढून झाल्यावर रीस्टार्ट करा. सर्व्हिसच्या यादीत, प्रोग्रॅम फाइल्समध्ये, ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये त्याचं नाव उरलं आहे का ते बघा. इंटरनेट गेलं असेल तर काढलेल्या सॉफ्टवेअरचा नेटवर्कमधला तुकडा मागे राहिलेला असू शकतो. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'नेटएसएच विनसॉक रीसेट' चालवून संगणक पुन्हा सुरू केला की अनेकदा ते परत येतं. सीडी लिहिणारं सॉफ्टवेअर काढल्यावर सीडी ड्राइव्हच गायब होणं हाही त्याच जातीचा आजार. यंत्र बिघडलेलं नसतं, मागे उरलेली एक नोंद त्याला अडवत असते. असे ड्राइव्ह भंगारात गेले आहेत, आणि लोकांनी नव्याचे पैसे मोजले आहेत.

एवढं सगळं कोण करत बसणार, म्हणून आपल्याकडे एकच रामबाण इलाज सांगितला जातो. फॉरमॅट मारा. दुरुस्तीवाल्याला तो सोयीचा आहे, ठरलेले पैसे, ठरलेला वेळ, विचार करायची गरज नाही. पण जुन्या कार्यालयात फॉरमॅट मारणं म्हणजे काय, हे त्याला बिल दिल्यावर कळत नाही, तुम्हाला सोमवारी सकाळी कळतं. पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर ज्या सीडीवर होता ती नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची की ज्या ईमेलवर आली होती तो ईमेल मागच्या सचिवांचा. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कुठला, कोणाला आठवत नाही. मराठीत टाइप केलेली दहा वर्षांची पत्रं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, तो फॉन्टच गेला, आता इतिवृत्ताच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. एक सॉफ्टवेअर काढायला गेलेला माणूस कार्यालयाची सगळी स्मृती पुसून येतो, आणि वर म्हणतो, 'बघा, किती फास्ट झालं!' फॉरमॅट हा शेवटचा उपाय असू शकतो. पण त्याआधी बॅकअप, ड्रायव्हर, परवाने आणि फॉन्ट बाहेर काढून ठेवलेत का, हे लेखी विचारल्याशिवाय कोणालाही तो मारू देऊ नका.

आता कार्यालयांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. सगळा दोष कंपन्यांचा नाही. खरेदीच्या फाइलमध्ये कोटेशन तीन असतात, तुलनात्मक तक्ता असतो, ठराव असतो, जीएसटीचा क्रमांक असतो. सॉफ्टवेअर काढायचं कसं, याची एक ओळ नसते. सेटअपची फाइल आणि पासवर्ड विक्रेत्याच्या मोबाइलमध्ये, आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये फक्त 'अँटिव्हायरस, नग ५'. ज्या रजिस्टरात खुर्च्यांची नोंद पाय मोजून होते, त्याच रजिस्टरात परवान्याची तारीख, ॲडमिन पासवर्ड कोणाच्या ताब्यात, मूळ सेटअप कुठल्या पेन ड्राइव्हवर, एवढं लिहायला काय हरकत आहे? पासवर्ड पाकिटात घालून सील करा, तिजोरीत ठेवा. आपल्या पतसंस्था किल्ल्यांची ताबापावती घेतात, तशीच याचीही घ्या. आणि तो मेलेला बटन सेल आजच बदला, किरकोळ किमतीचा असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

कंपन्यांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत आणि तिन्ही त्यांना सहज जमण्यासारख्या आहेत. इंटरनेट नसतानाही चालेल असं पूर्ण टूल, प्रत्येक जुन्या विंडोजसाठी वेगळं जपून ठेवलेलं. क्रमांकाऐवजी साध्या भाषेत कारण, आणि महाराष्ट्रात मराठीत जाहिरात करता तर ते कारणही मराठीत. आणि काढून झाल्यावर काय काय मागे उरलं, याची प्रामाणिक यादी.

हे सगळं मागायला ग्राहकाच्या हातात एक क्षण असतो, पैसे देण्याआधीचा. तेव्हा नूतनीकरणाची नोटीस आली असेल तर चेकवर सही करण्याआधी विक्रेत्याला कार्यालयात बोलवा. तुमच्या सगळ्यांत जुन्या संगणकासमोर बसवा. त्याचं सॉफ्टवेअर बसवून दाखवू नका म्हणावं, ते तुम्हालाही येतं. पूर्ण काढून, रीस्टार्ट करून, इंटरनेट आणि प्रिंटर चालू आहेत हे दाखवा म्हणावं. त्याने ते करून दाखवलं तरच चेक फाडा.